राजीखुशीने व अक्कलहुशारीने



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला भरते, त्यांना तुमच्यातल्या पन्नाशीपुढच्या मंडळींनी तहसील कचेरीसमोर टाइपरायटर घेऊन बसलेले पाहिले असेल. पुढे ते वकील झाले, ग्राहक मंचात लोकांच्या तक्रारी फुकट चालवू लागले. पण गावाने त्यांना शेवटपर्यंत बाँडरायटर म्हणूनच ओळखले. त्यांचा एक हट्ट होता. दस्त टाइप झाला की लिहून देणाऱ्याला समोर बसवायचे आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचे. एसटी चुकेल म्हणून माणूस चुळबुळ करायचा. हे चष्म्यावरून बघून म्हणायचे, "गाडी उद्याही आहे. जमीन उद्या नसेल." मी त्यांच्याकडे कार्बन पेपर लावायला होतो, त्यामुळे दस्ताची शेवटची ओळ मला कायदा शिकण्याआधीच पाठ झाली होती: हे खत मी समजून-उमजून, राजीखुशीने व अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून दिले असे.

कायद्याच्या पुस्तकात ज्याला सज्ञान संमती म्हणतात, ती आपल्या दस्तलेखकांनी त्या एका ओळीत बसवली होती. राजीखुशी म्हणजे नाही म्हणायची मोकळीक. अक्कलहुशारी म्हणजे कशाला हो म्हणतोय याची समज. दोन्ही हव्यात. आज मला ही ओळ मोबाईलच्या दुकानात न्यायची आहे.

सुरुवात माझ्या मावशीपासून करतो. वय ७४, हातात बटणांचा फोन, महिन्याला एक रिचार्ज. दोन वर्षांपूर्वी तिची कुरकुर सुरू झाली की रिचार्ज मारला की पैसे कट होतात. आधी वाटले, विसरत असेल. मग एकदा मी तिला फोन लावला तर पलीकडून अभंग वाजायला लागला. घंटी नाही, अभंग. तिला विचारले तर म्हणाली, "मला काय ऐकू येतंय? माझ्याकडे नुसती घंटीच वाजते." खरेच होते. ती धून फोन करणाऱ्याला ऐकू येते. जिच्या पैशाने वाजते तिला कधीच नाही. मग उलगडा झाला. तिने आपल्या भजनी मंडळातल्या एका बाईला फोन लावला होता. तिथे अभंग वाजला आणि मधेच कोणीतरी काहीतरी दाबायला सांगितले. मावशीने दाबले. तिला वाटले, दाबल्याशिवाय फोन लागणार नाही. कंपनीचे नाव सांगत नाही. सांगितले तर तुमच्यातले निम्मे म्हणतील की आमचीही तीच.

मी तक्रार केली तेव्हा पलीकडचा मुलगा फार नम्रपणे म्हणाला, "सर, सिस्टीममध्ये मॅडमची संमती दिसतेय." सिस्टीममध्ये दिसत होते ते एवढेच, की अमुक तारखेला अमुक वाजता एक बटण दाबले गेले. बटण दाबले हे खरे. सावकाराच्या कागदावर अंगठाही उमटलेलाच असायचा.

तो अंगठा आपल्या मुलखाने सुमारे १५० वर्षांपूर्वी पाहिला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेला. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत तेच झाले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. या दंग्यांत लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर जास्त होता. कर्जरोखे, खते, हुकूमनामे बाहेर काढायचे आणि पेटवायचे. ज्या कागदावर आपली निशाणी आहे पण ज्यात काय लिहिले आहे ते आपल्याला कधी कळले नाही, तो कागद जाळायचा. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आणला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. न्यायमूर्ती रानडे पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते.

या कायद्यातल्या दोन गोष्टी मला वकिलीच्या पहिल्या वर्षी कोणी सांगायला हव्या होत्या. पहिली अशी की न्यायाधीशाने सहीवर थांबायचे नाही. रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता, किती दिले, किती घेतले, व्याज कसे चढले, हे उकरायचे. दुसरी अशी की शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हायचा, त्याने तो मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि समोरच्याला समजला अशी खात्री पटल्यावरच सही किंवा निशाणी घ्यायची. समजून घेणे ही एकट्या शेतकऱ्याची जबाबदारी राहिली नाही. समजावणे हे व्यवहाराचेच एक अंग झाले. आमच्या बाँडरायटर साहेबांना हा कायदा माहीत होता का, कोण जाणे. पण त्यांचा हट्ट त्याच कुळातला होता.

सावकारांनी पळवाट काढलीच. गहाणखत भानगडीचे झाले म्हणून सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले. हे ध्यानात ठेवा, कारण दूरसंचारातही तेच झाले आहे.

आता करार कायदा बघू. तो या कायद्याहूनही सात वर्षांनी जुना, १८७२चा. त्याच्या १३व्या कलमात संमतीची व्याख्या आहे. दोन माणसे एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करतात तेव्हा त्यांची संमती झाली. किती साधे आहे! आता 'अनलिमिटेड' हा शब्द घ्या. दुकानाच्या फलकावर तो ठळक अक्षरांत असतो. गिऱ्हाईक त्याचा अर्थ घेते, कितीही. कंपनीचा अर्थ असतो, रोज दीड जीबी, आणि त्यापुढे नेट चालू राहील पण इतके हळू की फोटो उघडेपर्यंत चहा निवेल. शब्द एक, अर्थ दोन. १३व्या कलमाशी प्रामाणिक राहायचे तर त्या शब्दापुरती संमती झालीच नाही. पण एवढ्यासाठी कोर्टात कोण जाणार? एका माणसाचे नुकसान चहाच्या कपाएवढे, आणि कप कोट्यवधी. दूरसंचाराचे सगळे गणित या विषमतेवर चालते.

'महिना' या शब्दाचेही तसेच. पॅक २८ दिवसांचे झाले. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षात बारा रिचार्ज होतील असे समजणारा माणूस तेरा मारतो. आपल्याकडे अधिक महिना सुमारे तीन वर्षांनी येतो आणि त्यात निदान जावयाला धोंडे तरी खायला मिळतात. यांचा धोंड्याचा महिना दरवर्षी येतो आणि वाण आपणच द्यायचे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढून प्रत्येक कंपनीला निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा ठेवायला लावला. चांगले केले. पण 'निदान एक' या दोन शब्दांत केवढी जागा आहे बघा. तो एक पॅक दुकानदाराच्या तोंडून तुम्ही कधी ऐकला आहे का? मी दुकानात उभे राहून मागितला, तेव्हा पोराला तो शोधायला बराच वेळ लागला.

ट्रायने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जानेवारी २०१२च्या ग्राहक संरक्षण विनियमांत कागदी व्हाउचरांना रंगाच्या पट्ट्या लावायला सांगितल्या होत्या. प्लॅनला लाल, टॉप-अपला हिरवी, विशेष दराच्या व्हाउचरला पिवळी. अक्षर न येणाऱ्यालाही कळावे, असा तो विचार होता, आणि कोणा शहाण्या माणसाच्या डोक्यातून निघालेला होता असे मला वाटते. पुढे कागदच गेले, रिचार्ज फोनवरून होऊ लागले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये रंगांचा नियमही काढून टाकला. रंगाच्या जागी काय आले? इंग्रजीत किंवा रोमन लिपीतल्या हिंदीत येणारा एक संदेश.

जुलै २०१३चा ट्रायचा निर्देश तर मावशीसारख्यांसाठीच होता. हॅलो ट्यून, क्रिकेटचा स्कोअर, राशिभविष्य, विनोद अशा मूल्यवर्धित सेवांसाठी दोनदा होकार घ्यायचा. पहिला मागणीच्या वेळी आणि दुसरा पैसे कापण्याआधी, तोही सेवा विकणाऱ्याकडून नव्हे, वेगळ्या यंत्रणेकडून. बंद करायची असेल तर १५५२२३ हा एकच फुकट क्रमांक. कागदावर याहून चांगली व्यवस्था सुचवणे अवघड. पण होकार दोनदा घेतला म्हणजे समज दुप्पट होते असे नाही. जिला पहिले बटण का दाबले ते कळले नाही, ती दुसरेही दाबते. शेतकऱ्याकडून दोन अंगठे घेतले असते तरी रोखा त्याला वाचता आला नसता.

अंगठ्याचे नाव निघालेच आहे तर २०१७ सालाकडे वळू. संमतीबद्दल मला जे म्हणायचे आहे ते सगळे त्या एका वर्षात घडले.

त्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयात लोकनीती फाउंडेशनचे प्रकरण निकाली निघाले. मोबाईल ग्राहकांची पडताळणी कशी करणार हे सरकारने सांगितले, न्यायालयाने त्याची नोंद घेतली. मार्चमध्ये दूरसंचार विभागाने परिपत्रक काढले आणि मग आपल्या सगळ्यांच्या फोनवर संदेश सुरू झाले की आधार जोडा, नाहीतर क्रमांक बंद पडेल, न्यायालयाचा आदेश आहे. मी स्वतः वकील. मीही रांगेत उभा राहून बोट टेकवले. एप्रिल २०१८ मध्ये आधारच्या सुनावणीत न्यायालयानेच विचारले, असा आदेश आम्ही दिला कधी? २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात मोबाईलला आधार जोडण्याची सक्ती घटनाबाह्य ठरली. तोवर कोट्यवधी बोटे टेकून झाली होती. त्या होकारात राजीखुशी कुठे होती? फोन बंद पडेल या भीतीने दिलेला होकार हा दस्ताच्या भाषेत दबावाला बळी पडून दिलेला होकार.

आणि अक्कलहुशारीचे काय झाले ते पुढे. सिमच्या पडताळणीसाठी दिलेल्या आधारच्या जोरावर एअरटेलने लाखो ग्राहकांची खाती आपल्या पेमेंट्स बँकेत उघडली. ग्राहकाला वाटत होते, आपण सिम पक्के करतोय. गॅसचे अनुदान आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, त्यामुळे ते नव्या खात्याकडे वळले. महिना संपला, पासबुक भरून आणले, अनुदान नाही. गॅस एजन्सीकडे हेलपाटे घातले, ते म्हणाले जमा झालेय. कुठे? जे खाते आपण उघडलेच नाही त्यात. अशा खात्यांची संख्या ३१ लाखांच्या घरात आणि रक्कम १९० कोटी रुपयांच्या आसपास असल्याचे तेव्हाच्या बातम्यांत होते. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीची आणि बँकेची आधार पडताळणी काही काळ थांबवली. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट्स बँकेला ५ कोटी रुपयांचा दंड केला. ग्राहकांची स्पष्ट संमती न घेता खाती उघडल्याच्या तक्रारींवरून ती कारवाई झाली.

या प्रकरणात कोणीही खोटा अंगठा घेतलेला नव्हता. अंगठे खरे होते, माणसे शुद्धीवर होती. फक्त एका कामासाठी दिलेला होकार दुसऱ्या कामासाठी वापरला. वैद्यकाच्या क्षेत्रात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगून ठेवले आहे की तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला चालत नाही. पोट उघडण्याबाबत जे आपल्याला चटकन पटते, ते पासबुक उघडण्याबाबत पटायला दहा वर्षे लागली.

दुकानातला ओटीपी हा त्याच जातीचा. "काका, एक ओटीपी आला असेल, सांगा." आपण सांगतो. कशाचा आहे, विचारतो का? सहीला निदान वर मजकूर असायचा. बोटाचा ठसा "नीट लागला नाही, परत लावा" म्हणून दुसऱ्यांदा घ्यायचा आणि त्या जोरावर दुसरेच सिम चालू करायचे, हा प्रकारही झाला आहे. सिम विकणाऱ्यांची नोंदणी सक्तीची करणारे नियम सरकारने २०२३ मध्ये आणले, त्यामागे हे एक कारण होते. संचार साथी नावाचे सरकारी पोर्टल आहे. त्यावर आपल्या नावावर किती क्रमांक चालू आहेत ते दिसते. घरी गेल्यावर बघा. मर्यादा नऊची आहे.

इथे समोरून एक प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. वकीलसाहेब, तुम्ही तरी वाचता का? नाही वाचत. हे व्याख्यान ज्या यंत्रावर टाइप केले त्याच्या अटी मी वाचलेल्या नाहीत. फोन नवा घेतला तेव्हा 'मला मान्य आहे' यावर बोट ठेवायला मला एक सेकंदही लागला नाही. सगळ्या अटी खरोखर वाचायचे ठरवले तर माणसाला नोकरी सोडावी लागेल. म्हणून 'अटी व शर्ती लागू' हे चार शब्द छापून कंपनी जेव्हा म्हणते की आम्ही माहिती दिली, तेव्हा ती माहिती देत नसते. उद्याच्या खटल्यातला आपला बचाव आजच छापून ठेवत असते.

आपल्या न्यायालयांना हे कळत नाही असे नाही. साठच्या दशकात मद्रास उच्च न्यायालयापुढे एका लाँड्रीचा दावा आला होता. नवी साडी धुवायला दिली, ती हरवली. पावतीवर छापले होते की निम्म्या किमतीपेक्षा जास्त देणार नाही. न्यायालय म्हणाले, अशी अट मान्य केली तर लाँड्रीवाल्याला चांगली साडी हरवण्यातच फायदा! अट रद्द. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात आणखी पुढचे पाऊल टाकले. ज्याला ठिपक्यांच्या रेघेवर सही करण्यावाचून गत्यंतर नाही, त्याच्यावर लादलेली अवाजवी अट न्यायालय मोडीत काढू शकते, असे ठरले. विधी आयोगाने १९८४ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये अन्याय्य अटींविरुद्ध वेगळा कायदा करा असे सुचवले. तो झाला नाही. शेवटी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' ही व्याख्या आली. अवाच्या सवा दंड, विनाकारण एकतर्फी करार मोडणे, ग्राहकावर अवाजवी बोजा, हे सगळे तिच्यात आहे.

मात्र मेख पुढे आहे. अन्याय्य कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही. राज्य आयोगात जावे लागते किंवा दिल्लीला राष्ट्रीय आयोगात. गडचिरोलीच्या माणसाने ३० रुपयांच्या अटीसाठी वकील करून कुठवर जायचे? ज्यांनी मसुदा केला त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा बिल्डरचे करार होते, रिचार्ज नव्हते.

दूरसंचाराच्या ग्राहकाला तर काही वर्षे जिल्ह्याचा दरवाजाच बंद होता. १ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. कृष्णन प्रकरणात निकाल दिला की तार कायद्याच्या ७-ब कलमात लवादाची सोय आहे, तेव्हा टेलिफोनचा तंटा ग्राहक मंचात येणार नाही. हे ७-ब कलम त्या काळातले, जेव्हा टेलिफोन म्हणजे सरकार आणि जोडणीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसायचे. लवाद नेमणार केंद्र सरकार, निर्णय अंतिम. खासगी मोबाईल कंपन्यांनी हा निकाल ढालीसारखा पुढे धरला. आमच्याकडे त्या वर्षांत तक्रारींवर तक्रारी 'अधिकारक्षेत्र नाही' या शेऱ्यानिशी परत आल्या. बाँडरायटर साहेब तेव्हा थकले होते, तरी प्रत्येक परत आलेल्या तक्रारीची फाइल शिवून ठेवायचे. म्हणायचे, दरवाजा उघडेल तेव्हा हाताशी असावी.

तो उघडला १६ फेब्रुवारी २०२२ला. अहमदाबादच्या एका ग्राहकाचे महिन्याचे बिल सरासरी ५५५ रुपये येत होते. २०१३च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एकदम सुमारे २४ हजार ६०० रुपये आले. त्याने २०१४ मध्ये जिल्हा मंचात तक्रार केली. व्होडाफोन आयडिया अधिकारक्षेत्राचा मुद्दा घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि हरली. न्यायालय म्हणाले, लवाद हा ग्राहकाच्या पसंतीचा एक मार्ग, सक्तीचा नव्हे. सेवेच्या व्याख्येत दूरसंचार येते. लक्षात घ्या, बिल बरोबर होते की चूक, हा निकाल यात नव्हताच. तक्रार ऐकायची की नाही एवढे ठरायला आठ वर्षे गेली. फाइली शिवून ठेवणारे तोवर गेले होते.

नवा दूरसंचार कायदा २४ डिसेंबर २०२३ला राष्ट्रपतींच्या सहीने झाला. हीच तारीख राष्ट्रीय ग्राहक दिनाची, १९८६चा ग्राहक कायदा याच तारखेचा. हा योगायोग कोणी मुद्दाम जुळवला असेल असे वाटत नाही, कारण ग्राहकाच्या वाट्याला त्यात मोजकीच कलमे आहेत. जाहिरातीच्या संदेशांसाठी आधी संमती, ऑनलाइन तक्रार यंत्रणा, आणि ग्राहक आयोगात जाण्याचा हक्क शाबूत. शेवटचे स्पष्ट लिहिले हे बरे झाले. त्याच कायद्यात ग्राहकाची कर्तव्येही आहेत. खोटी माहिती दिली तर पहिल्या चुकीला २५ हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणजे ग्राहकाने खरे बोलण्याचे मोल ठरले आहे. कंपनीने समजेल असे बोलण्याचे अजून ठरायचे आहे.

ते ठरवायचा नमुना मात्र त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्यात आहे. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे सहावे कलम वाचले तेव्हा मला आमच्या दस्ताची शेवटची ओळ आठवली. संमती मुक्त, नेमकी, माहितीनिशी, विनाअट आणि निःसंदिग्ध हवी. मागणी साध्या भाषेत हवी, आणि ग्राहकाला ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी, म्हणजे मराठीत आणि गोव्यातल्या माणसाला कोकणीतही. देणे जितके सोपे तितकेच परत घेणे सोपे. आणि वाद उभा राहिला तर संमती नीट घेतली होती हे सिद्ध करायचे कोणी? घेणाऱ्याने! माझ्या मते त्या कायद्याचा प्राण याच वाक्यात आहे. माझे मागणे इतकेच की हा नियम माहितीपुरता न ठेवता पैशालाही लावा. कंपनी म्हणते ना, सिस्टीममध्ये संमती दिसतेय? मग ग्राहकाला त्याच्या भाषेत काय सांगितले, किती पैसे, किती दिवस, पुन्हा कधी कापणार, ते त्या सिस्टीममध्ये दाखवा. दाखवता आले नाही तर पैसे परत करा. ग्राहकाने 'मी हो म्हटले नव्हते' हे सिद्ध करायचे, हा उलटा न्याय आहे. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा आणायचा कुठून?

पण एवढ्याने भागेल असा माझा भ्रम नाही. हे झाले अक्कलहुशारीचे. राजीखुशीचे काय? मावशीला मराठीत, मोठ्याने, दहा वेळा समजावले की पॅक २८ दिवसांचा आहे, तरी दुसऱ्या दुकानातही २८ दिवसांचाच मिळणार असेल तर त्या समजेचे ती काय करणार? २०२४च्या जूनअखेरीस तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एकामागोमाग एक, दोन दिवसांत दरवाढ जाहीर केली. ग्राहकाला सगळे व्यवस्थित समजले. समजून काय केले? भरले. जिथे पर्याय नाही तिथे माहिती ही दुखण्याच्या नावासारखी. कळते, उतरत नाही. तिथे नियामकानेच काही अटींना मज्जाव करावा लागतो आणि काही पर्याय बाजारात आणायला लावावे लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने तसे केले. फक्त बोलणे आणि एसएमएस एवढाच पॅक ठेवणे सक्तीचे केले आणि मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला मुभा दिली. बटणांच्या फोनवर जीबी घेऊन मावशीने काय करायचे, हा प्रश्न शेवटी कोणाला तरी पडला. पहिल्या झटक्यात काही पॅकांतून डेटा तेवढा काढला गेला आणि किंमत उतरली ती जेमतेम. ओरड झाली तेव्हा आणखी खाली आली. गहाणखताचे खरेदीखत होते ते असे.

मावशीचे राहिले. १५५२२३ फिरवला, धून बंद झाली. आधीचे पैसे द्यायला कंपनी तयार नव्हती. १९८ हा नंबर फिरवून तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक घेतला, समाधान झाले नाही म्हणून कंपनीच्याच अपील यंत्रणेकडे गेलो. तिथे एकच मागितले. दुसरा होकार कोणत्या शब्दांत आणि कोणत्या भाषेत घेतला ते द्या. ते मिळाले नाही. दीड महिन्याने पैसे मिळाले. पत्रात लिहिले होते, सदिच्छा म्हणून. चूक म्हणून नव्हे.

पुढच्या रिचार्जला मी तिच्याबरोबर दुकानात गेलो. पोराने नेहमीचा पॅक काढला. म्हटले, थांब, मारू नको, आधी मराठीत वाचून दाखव. तो हसला, मग वाचू लागला. रक्कम किती, दिवस किती, रोजचे जीबी, शंभर एसएमएस, मुदत संपल्यावर काय. मागे दोघे ताटकळत होते. सगळे वाचायला दीड मिनिट लागले. मावशीने ऐकून घेतले, पिशवीचे तोंड बांधले आणि विचारले, "आणि यात जीबी नसलेला कोणता?"

पोराने दुसरा पॅक काढला. तोही तिने वाचायला लावला.